१३६ सायटेशन आणि त्यातली चार

फॉर्ममधला रकाना एवढाच होता: ‘एकूण सायटेशन व एच-इंडेक्स’. पुढे दोन आकडे जेमतेम मावतील एवढी चौकट. सायटेशन म्हणजे आपला लेख दुसऱ्या कुणी आपल्या लेखात उद्धृत करणं. एच-इंडेक्स सहा म्हणजे निदान सहा लेख, प्रत्येकी निदान सहा वेळा उद्धृत झालेले. सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापक मॅडमचा हा फॉर्म, प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठीचा. असले रकाने भरायचं काम फिरून फिरून ग्रंथालयात येतं, कारण डेटाबेसचे पासवर्ड आमच्याकडे असतात. मॅडमची ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या लेखांचे आकडे हिशेब कळावा एवढ्यापुरते धरले आहेत. बाकी नावं आणि सालं जशीच्या तशी.

खरं म्हणजे बढतीच्या नियमाला हा रकाना लागतच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या शिक्षक-पात्रता नियमांत लेखांची अट होती, पण ती वेगळं विचारत होती: नियतकालिक कोणत्या सूचीत आहे, आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक आहे का. लेख पुढे किती जणांनी उद्धृत केला, हे तिथं कुणी विचारलेलं नव्हतं. सायटेशनची भूक संस्थेला असते. संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यांत ती मागतात, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत त्यांना गुण आहेत. मग संस्था ते ओझं खाली वाटून देते आणि प्रत्येक शिक्षकाच्या फॉर्मवर एक चौकट उगवते.

गूगल स्कॉलरवर मॅडमचं प्रोफाइल होतं, कुणा विद्यार्थ्याने कधीतरी करून दिलेलं. त्यावर एच-इंडेक्स ९ दिसत होता. विभागप्रमुख सर बघून म्हणाले, “नऊ? चांगलंय की ओ.” फिजिऑलॉजीत, त्यातही पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसचा शिकवण्याचा भार डोक्यावर असताना, नऊ म्हणजे खरंच चांगलं. पण यादी खाली सरकवली तेव्हा मधेच रब्बी ज्वारी निघाली. दुष्काळात पानांतलं पाणी कसं टिकतं, मूळ किती खोल जातं, असे पाच-सहा लेख. तीच आद्याक्षरं, तेच आडनाव, आणि विषयातही ‘फिजिऑलॉजी’ हा शब्द. फक्त ती वनस्पतींची. मालदांडीच्या या मुलखात, जिथं रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं केंद्रच आहे, तिथं ही गाठ पडणं फारसं नवलाचं नाही. यंत्र आडनाव आणि आद्याक्षरं जुळवतं. ज्वारीचं पान आणि माणसाचं फुफ्फुस यांतला फरक त्याला कळायचं कारण नाही.

ज्वारी काढून टाकली आणि उलटी अडचण समोर आली. मॅडमचे दोन लेख यादीत नव्हतेच. दोन्ही एमडीच्या काळातले, माहेरच्या आडनावाने छापलेले. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव नुसतं शेवटी बदलत नाही. मधलं वडिलांचं नाव जातं, नवऱ्याचं येतं, म्हणजे मधलं आद्याक्षरही बदलतं. जुन्या आणि नव्या नावात पहिलं अक्षर तेवढं सामाईक उरतं. डेटाबेसच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. पुरुष सहकाऱ्यांच्या यादीला ही गळती नाही, आणि समितीपुढे दोघांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले जातात तेव्हा ती कुणाला दिसतही नाही. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक फुकट मिळतो. आडनाव कितीदाही बदललं तरी लेख त्या क्रमांकाला चिकटून राहतात. आमच्या कॉलेजात तो बहुतेकांनी घेतलेला आहे, जुने लेख त्याला जोडलेत फार थोड्यांनी.

साफसफाईनंतर उरले चौदा लेख. त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी: ६१, २२, १४, ९, ८, ६, ५, ४, ३, २, १, १, ०, ०. बेरीज १३६. एच-इंडेक्स काढायचा तर क्रमांक आणि आकडा शेजारी ठेवून खाली उतरत जायचं. सहाव्या लेखाला सहा सायटेशन आहेत, सातव्याला सात नाहीत, पाचच आहेत. म्हणून एच-इंडेक्स ६. पहिल्या लेखाला ६१ ऐवजी ६०० असती तरी उत्तर सहाच आलं असतं. हेच चौदा लेख स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शोधले तर तिथं पाचच सापडले आणि एच-इंडेक्स आला ३. स्कोपस फक्त आपल्या सूचीतली नियतकालिकं मोजतं. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं, संस्थांच्या साइटवरच्या पीडीएफ, सगळं गोळा करतं. एकाच बाईचे एकाच दुपारी तीन एच-इंडेक्स: नऊ, सहा आणि तीन. चौकटीत जागा एकालाच.

हा इंडेक्स जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. त्या लेखात त्यांनी स्वतःच एक गोष्ट दाखवून दिली होती, जी आपल्याकडच्या समित्या सोयीने विसरतात. त्यांच्या हिशेबात भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन होते, एच ११०. जीवशास्त्रांत सॉलोमन स्नायडर, एच १९१. म्हणजे शिखरावरसुद्धा एका विषयाची पट्टी दुसऱ्या विषयाला लागत नाही. मग एकाच कॉलेजातल्या फिजिऑलॉजीच्या मॅडम आणि मेडिसिनचे सर यांना एका पट्टीने कसं मोजणार? मेडिसिनच्या सरांचं नाव बहुकेंद्री औषधचाचण्यांच्या लेखांत पंचवीस जणांमध्ये असतं. मॅडमचे निम्मे लेख आयसीएमआरच्या अल्पमुदतीच्या विद्यार्थी-संशोधन योजनेतून आलेले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं एखादं पोर, दोन महिने, एक पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजायचं यंत्र. माझं मत विचाराल तर या परिस्थितीत एच-इंडेक्स मोजणं हा वेळेचा अपव्यय आहे. पण चौकट भरायची होती, आणि भरायचीच तर आकडा कशाचा बनलाय ते बघूनच भरू, असं आम्ही ठरवलं. तीन लेख निवडले आणि ते ज्यांनी ज्यांनी उद्धृत केले त्यांचे लेख उघडून वाचायला घेतले.

पहिला, ६१ सायटेशनवाला. निरोगी मेडिकल विद्यार्थ्यांचा पीक फ्लो मोजून उंची आणि वयावरून तो अंदाजे किती असावा याचं सूत्र मांडणारा. पीक फ्लो म्हणजे पूर्ण श्वास भरून एका दमात जोरात फुंकलं की हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडते, लिटर प्रति मिनिटात. राइट आणि मॅककेरो यांनी १९५९ मध्ये त्याचं यंत्र आणलं. पुढे प्लास्टिकचं हलकं मिळू लागलं आणि भारतातल्या फिजिऑलॉजी विभागांची चांदी झाली, कारण कमी पैशात करता येण्यासारखं मोजमाप दुसरं नव्हतं. असे ‘नॉर्मल व्हॅल्यू’चे लेख उद्धृत होतातच. फुफ्फुसाच्या क्षमतेची युरोपीय प्रमाणं आपल्या माणसांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. २०१२ मध्ये जगभरासाठी जी एकत्रित समीकरणं आली, त्यांतही दक्षिण आशियाचा स्वतंत्र गट नव्हता. म्हणून इथल्या प्रत्येक संशोधकाला आपल्याजवळचे आकडे तुलनेला लागतात. पद्धत किंवा प्रमाण सांगणारा लेख उपयोगाने उद्धृत होतो, थोरवीने नव्हे. प्रथिनं मोजायची रीत सांगणारा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा लेख याच कारणाने ‘नेचर’च्या २०१४ च्या यादीत सगळ्यांत वर होता, तीन लाखांहून अधिक सायटेशन घेऊन.

उपयोग, हे मात्र मीच म्हणतोय. वाचत गेलो तसं दिसलं की मॅडमचं सूत्र प्रत्यक्ष वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांनी चर्चेच्या परिच्छेदात एका ओळीत गुंडाळलेलं: ‘आमचे निष्कर्ष अमुक, अमुक आणि अमुक यांच्याशी जुळतात.’ त्या अमुकांच्या रांगेत मॅडम तिसऱ्या किंवा चौथ्या. गंमत म्हणजे काहींनी त्यांच्या नावावर असा निष्कर्ष टाकलेला की लठ्ठपणाने पीक फ्लो घटतो. लेखात लठ्ठपणाचा विषयच नाही, वजन तेवढं नोंदवलेलं आहे. आणि ही चूक करणाऱ्यांच्या संदर्भसूचीत मॅडमच्या आडनावातली एक चूकही हुबेहूब तीच. म्हणजे मूळ लेख न उघडता एकाच्या सूचीतून दुसऱ्याने ओळ उचललेली. हे आमच्यापुरतं नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये अशाच पुन्हा पुन्हा उतरवल्या गेलेल्या छपाईच्या चुकांवरून अंदाज बांधला होता, की उद्धृत करणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे साधारण २० टक्केच असावेत. मॅडम ते ऐकून म्हणाल्या, “म्हणजे एकसष्टातले बारा?” आणि हसत सुटल्या.

दुसऱ्या लेखावर फार रेंगाळत नाही. प्राणायाम, परीक्षेच्या आधीची धडधड आणि नाडीच्या ठोक्यांतला चढउतार. देशातल्या जवळजवळ प्रत्येक फिजिऑलॉजी विभागाने या विषयावर एक तरी लेख केलेला असतो, आणि ते एकमेकांना उद्धृत करत राहतात. २२ सायटेशन, सगळी त्याच वर्तुळातली. वाईट काही नाही. लक्षात ठेवावं असंही काही नाही.

तिसरा लेख यादीत आठवा, चार सायटेशनचा. मॅडमना त्यांचं सगळ्यांत मोलाचं काम कोणतं असं विचारलं तर त्या याच्याकडेच बोट दाखवतात, आणि लेख वाचल्यावर मलाही तसंच वाटतं.

सुती धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराचं पुस्तकातलं वर्णन गिरण्यांतून आलेलं आहे. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशरच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांवरून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. वर्षं जातात तसतसा तो पहिला दिवस पसरत जाऊन सगळा आठवडा व्यापतो. सगळ्यांत जास्त धूळ असते ती कापूस पिंजण्याच्या खात्यात, सूत निघायच्या आधी. सोलापुरात गिरण्या होत्या तेव्हा ती खाती इथंही होती. आता गिरण्या गेल्या आणि राहिले यंत्रमागाचे कारखाने, चादरी आणि टॉवेल विणणारे, जिथं तयार सूत येतं. मग पुस्तकातला आजार इथं त्याच रूपात दिसतो का, की धूळ कमी असल्याने तो वेगळाच, अंधूक होऊन येतो? प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर इथंच शोधता येतं.

त्यासाठी मॅडम पूर्व भागातल्या कारखान्यांत गेल्या. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यावर, आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, त्याच माणसाचा पीक फ्लो मोजायचा. ऐकायला सोपं. पण मजुरी नगावर. माणूस फुंकायला आला की माग थांबतो, आणि माग थांबला की पैसे थांबतात. “फुंकायला किती वेळ लागतंय ओ मॅडम?” हा पहिला प्रश्न सगळीकडे. मागांच्या खडखडाटात सूचना ऐकू जात नाहीत, आणि पीक फ्लोचं सगळं गणित तर सूचनेवर अवलंबून: पूर्ण श्वास, ओठ घट्ट, एका दमात. अर्धवट फुंकर आणि आजारी फुफ्फुस यांचा आकडा सारखाच दिसतो. मॅडमची घरची भाषा तेलुगू, आणि विणकरांतल्या अनेकांचीही तीच. छाती ‘आवळणं’ आणि ‘दुखणं’ यांतला फरक त्या त्यांच्या भाषेत विचारू शकत होत्या. प्रश्नावलीच्या पद्धतीत हे एका ओळीत नोंदलेलं आहे. माझ्या मते त्या लेखाची निम्मी किंमत त्या ओळीत आहे. त्यातले निष्कर्ष इथं मांडत नाही, तो या लेखाचा विषय नव्हे.

चार सायटेशनपैकी एक मॅडमची स्वतःची. एक नुसती रांगेतली. उरलेली दोन मात्र लेखाच्या पद्धत-विभागात होती: एक दुसऱ्या यंत्रमागाच्या गावातल्या पदव्युत्तर प्रबंधात, एक आफ्रिकेतल्या कापडकामगारांवरच्या अभ्यासात. दोघांनीही सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि पाळीच्या आधी-नंतरची मोजणी ही रचना मॅडमकडून घेतल्याचं लिहिलेलं. लेख वाचल्याशिवाय असं लिहिता येत नाही. एकसष्टाच्या यादीत असा वापर शोधून काढावा लागला होता. इथं चारातले दोन.

मग प्रश्न आला, चारच का? मॅडमचं म्हणणं होतं की विषयच गरिबांचा, कोण वाचणार. मला ते पटलं नाही. कामगारांच्या फुफ्फुसांवर इथिओपियापासून पाकिस्तानपर्यंत लोक लिहितायत, वाचतायत. लेख बारकाईने पाहिला तेव्हा कारणं फार साधी निघाली. शीर्षक होतं ‘एका निवडक व्यावसायिक गटातील श्वसनविकारांचा अभ्यास’ अशा अर्थाचं. त्यात ना यंत्रमाग, ना सूत, ना धूळ, ना सोलापूर. शोधणारा माणूस जे शब्द टाइप करणार त्यांपैकी एकही नाही. नियतकालिक एका छोट्या संघटनेचं. त्याची साइट मधल्या काळात बंद पडली, लेखाला डीओआय, म्हणजे साइट बदलली तरी न बदलणारा ओळखक्रमांक, नव्हता, आणि जुना दुवा उघडला तर कसलीशी जाहिरात येत होती. सारांशात पद्धतीबद्दल अवाक्षर नाही. ज्या दोघांनी तो वापरला त्यांना तो कसा सापडला, याचंच मला कुतूहल आहे.

नव्या नियतकालिकांच्या धंद्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचं वजन सांगणारा आकडा, काढताना त्याच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन मोजतात. यूजीन गारफील्ड यांनी ही सगळी व्यवस्था उभी केली, १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स आणला, तो वाङ्मय शोधायला. कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवणं हा त्याचा ग्रंथपालांना झालेला फायदा. माणसं तोलायला तो वापरतात हे आम्हा ग्रंथालयवाल्यांना तसं विचित्रच वाटतं. फिजिऑलॉजीतले लेख तर संथपणे मुरतात. जुने लेख दहा-पंधरा वर्षांनीही उद्धृत होत राहतात, दोन वर्षांची खिडकी त्यांना पुरत नाही.

आणि काही काम इतकं मुरतं की उद्धृत होणंच थांबतं. ए. एस. पेंटल यांनी फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांलगतचे ‘जे-रिसेप्टर’ (इंग्रजी J), म्हणजे तिथले संवेदक, शोधले. पहिल्या वर्षाचं प्रत्येक पोर ते पाठ करून पेपरात लिहितं, पण खाली पेंटल यांचा संदर्भ कुणी देत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराची नोंद केलेली आहे: ज्ञान सर्वांचं झालं की मूळ नाव गळून पडतं. मॅडमचं काम त्या जातीचं आहे असं मी म्हणत नाही. शून्य सायटेशनला एकाहून जास्त अर्थ असतात, एवढंच.

फॉर्म कसा भरायचा यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, तिसरा लेख वर घ्या. मॅडम म्हणाल्या, “जे मोजतात तेच लिहा ना. एकसष्ट खाली ढकलून चार वर घेतलं तर त्यांना वाटेल बाई येडी आहे.” सरांचं वेगळंच: नऊ दिसत होतं, तेच ठेवायला काय हरकत होती, कोण ज्वारी मोजत बसणार? यावर मॅडमनीच त्यांना गप्प केलं. दुसऱ्याच्या शेतातली कणसं आपल्या सुपात नकोत, असं त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

शेवटी चौकटीत ६ आणि १३६ लिहिलं, शेजारी डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख. मागे एक पान जोडलं. त्यावर तीन लेख आणि प्रत्येकापुढे: किती जणांनी रांगेत उद्धृत केलं, किती जणांनी पद्धत किंवा सूत्र वापरलं, किती ठिकाणी चुकीचा निष्कर्ष चिकटवला, स्वतःची सायटेशन किती. क्रम मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे, एकसष्ट वर. मुलाखतीत त्या पानाबद्दल कुणी काही विचारलं नाही. सायटेशनबद्दलही नाही. बढती मिळाली ती नोकरीची वर्षं आणि लेखांची अट यांवर.

पान वाया गेलं नाही, त्याचा उपयोग दुसरीकडे झाला. मॅडमनी त्या बंद पडलेल्या नियतकालिकाच्या जुन्या संपादकांना गाठून लेख पुन्हा उपलब्ध करायची परवानगी मिळवली. आता तो एका खुल्या भांडारात आहे, त्याला डीओआय आहे, शीर्षक जुनंच पण सोबतच्या शोधशब्दांत यंत्रमाग, सुती धूळ, पीक फ्लो, सोलापूर हे सगळं आहे. लठ्ठपणाचा निष्कर्ष चिकटवणाऱ्यांपैकी दोघांना पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, क्षमा मागणारं. माहेरच्या नावाचे दोन्ही लेख ऑर्किडला जोडले. ज्वारीवाल्या बाईंनाही कळवलं, त्यांच्या प्रोफाइलमध्ये आमच्या मॅडमचा पीक फ्लो घुसलेला होता.

पुढचा लेख विडी वळणाऱ्या बायकांवरचा आहे. तंबाखूची धूळ, तासन्‌तास मांडी घालून बसणं आणि श्वास. मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे आणि भांडण शीर्षकावरून चाललंय. सहलेखक पुण्याचे. त्यांचं म्हणणं, ‘सोलापूर’ लिहिलं की परदेशी संपादक लेख स्थानिक समजून परत पाठवतात, ‘पश्चिम भारत’ लिहा. मॅडम अजून डळमळतायत. मी सोलापूर ठेवा म्हणालो आहे. उद्या निपाणीतली किंवा सिन्नरची एखादी विद्यार्थिनी शोधायला बसली तर ती विडीच्या गावांची नावं टाइप करणार, पश्चिम भारत नव्हे.